नायट्रो वर की डीप स्पेस? बडोद्यात कोस्टरची क्रमवारी लावताना

बडोद्यात बसून रोलर कोस्टरची क्रमवारी लावायची म्हटली की पहिली अडचण अंतराची. आपल्याला जवळ पडणारा खरा मोठा कोस्टर म्हणजे खोपोलीच्या इमॅजिकाचा नायट्रो, आणि तोही चारशेहून जास्त किलोमीटरवर. रात्रीच्या गाडीने मुंबई, तिथून कर्जतमार्गे खोपोली लोकल आणि पुढे रिक्षा. बाकीचे कोस्टर लोकांच्या खात्यात जमा होतात ते नातेवाइकांमुळे: न्यू जर्सीला मुलाकडे, अबुधाबीला बहिणीकडे, नाहीतर सिंगापूरच्या ग्रुप टूरमध्ये. त्यामुळे दांडिया बाजारातल्या एकाच दिवाणखान्यात बसलेल्या दहा जणांच्या दहा वेगळ्या याद्या असतात. कुणी तीनच कोस्टर केलेले, कुणी चाळीस. या सगळ्यांमधून एक यादी कशी काढायची, ते इथे सविस्तर लिहितो आहोत.

सगळ्यांना सुचणारा मार्ग म्हणजे दहापैकी गुण आणि त्यांची सरासरी. तो आम्ही वापरत नाही. कारण पाहा. क्ष नावाचा कोस्टर तिघांनीच केला आहे आणि तिघांनीही त्याला 9 दिले. सरासरी 9. य नावाचा बारा जणांनी केला आहे, सरासरी 8.2. यादीत क्ष वर गेला. आता त्या तिघांनी य ला काय दिलं ते बघायला गेलं तर 10, 10 आणि 9.5. म्हणजे ज्यांनी दोन्ही केले त्या प्रत्येकाच्या मते य सरस आहे, तरी सरासरीत तो मागे पडतो. दोष कुणाच्या आवडीचा नाही. काहींचा हात सढळ असतो, काहींचा आखडता, आणि दूरच्या पार्कात पोचतात ते बहुधा सढळ हाताचे. इतका खर्च आणि प्रवास करून गेलेला माणूस 6 गुण देत नाही.

नुसती आवडत्या दहांची नावं मागवून पहिल्याला 10, दुसऱ्याला 9 असे गुण दिले तर दोष उलट बाजूला सरकतो: ज्या कोस्टरपर्यंत जास्त लोक पोचतात तो वर येतो. 'अम्यूझमेंट टुडे' हे नियतकालिक 1998 पासून 'गोल्डन तिकीट' पुरस्कार देतं आणि त्याच्या याद्यांवरून कोस्टरप्रेमींमध्ये दरवर्षी जो वाद होतो त्यातला बराचसा याच मुद्द्यावर असतो. अमेरिकेतल्या मोठ्या पार्कातला कोस्टर आणि स्वीडन-पोलंडमधला कोस्टर यांच्यापुढे मतदारच सारखे नसतात.

यावर सर्वांत समाधानकारक उत्तर मिच हॉकर यांच्या मतदानाने दिलं. 1994 पासून कित्येक वर्षं ते इंटरनेटवर चाललं. त्याची रीत साधी होती. प्रत्येकाने आपण केलेले सगळे कोस्टर आवडीच्या क्रमाने लावून पाठवायचे. मग दोन-दोन कोस्टरच्या जोड्या घ्यायच्या आणि प्रत्येक जोडीत फक्त ज्यांनी दोन्ही केले त्यांचंच मत मोजायचं. गुण नाहीत, सरासरी नाही. यापेक्षा तो बरा, एवढंच. आम्हीही हेच करतो, कारण वीस-पंचवीस माणसांच्या गटालाही ते झेपतं.

आता प्रत्यक्ष काम. ते पार्कात सुरू होतं, घरी आल्यावर नाही. पोस्टकार्डाएवढा जाड कागद, प्रत्येक कोस्टरला एक. वर कोस्टरचं नाव आणि लगेच खाली पार्कचं नाव. हे दुसरं कधीही गाळायचं नाही. खोपोलीला नायट्रो आहे तसा न्यू जर्सीच्या सिक्स फ्लॅग्ज ग्रेट ॲडव्हेंचरलाही नायट्रो आहे, आणि दोन्ही बोलिगर अँड माबियार या एकाच स्विस कंपनीचे. खोपोलीचा फ्लोअरलेस, म्हणजे सुटण्याआधी पायाखालची फळी बाजूला होते आणि पाय लोंबकळत राहतात. तो पाच वेळा उलटा करतो. न्यू जर्सीचा 2001 चा, 70 मीटर उंच, ताशी 129 किलोमीटर आणि एकदाही उलटा होत नाही. तो सगळा टेकड्यांचा खेळ आहे. बडोद्याच्या निम्म्या घरांचं कुणी ना कुणी न्यू जर्सीला असल्यामुळे नुसतं 'नायट्रो' लिहिलेलं कार्ड आमच्याकडे बाद होतं. 'रिकॉइल'चंही तेच: वंडरलाच्या एकाहून जास्त पार्कांत हे नाव आहे.

नावाखाली चार गोष्टी येतात: ओळ कितवी, वेळ कोणती, हवा कशी, लॅप बार (मांड्यांवर येणारा दांडा) किंवा हार्नेस (खांद्यांवरून येणारी पकड) किती घट्ट. यातली ओळ सर्वांत महत्त्वाची, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर.

साखळीने वर चढणारी ट्रेन शिखर ओलांडते तेव्हा पुढचा डबा साखळीच्याच संथ वेगाने कडेवरून पुढे येतो. तिथे तुम्ही खाली बघत क्षणभर लटकता. शेवटच्या डब्याची पाळी येईपर्यंत अर्ध्याहून जास्त ट्रेन उतरणीला लागलेली असते, त्यामुळे तो डबा कडेवरून ओढला जातो आणि बूड सीटवरून उचललं जातं. पहिल्या उतारावर पोटात गोळा हवा असेल तर शेवटची ओळ, हे ठरलेलं. मधल्या टेकड्यांवर गणित थोडं बदलतं. ट्रेन टेकडी चढताना मंदावत जाते आणि तिचा मध्य शिखरावर असताना वेग सर्वांत कमी असतो. पुढचा डबा शिखरावरून जातो तेव्हा ट्रेन अजून पुरती मंदावलेली नसते, मागचा जातो तेव्हा ती पुन्हा वेग घेऊ लागलेली असते. म्हणून टोकाच्या दोन्ही ओळींना एअरटाइम, म्हणजे सीटवरून उचललं जाणं, जास्त आणि मधल्यांना कमी. एकच कोस्टर एकाने चौथ्या ओळीत आणि दुसऱ्याने शेवटच्या ओळीत केला असेल तर ते दोघं तासभर भांडतील आणि दोघांचंही खरं असेल.

लाकडी कोस्टरवर आणखी एक बाब असते. फिलाडेल्फिया टोबोगन कंपनीच्या ट्रेनमध्ये तीन बाकांचे डबे असतात. पुढचा आणि मागचा बाक चाकांच्या वर येतो, मधला येत नाही. जुन्या रुळावर चाकावरच्या बाकाला जो मार बसतो तो मधल्याला बराच कमी बसतो. लाकडी कोस्टर 'फार हादरवतो' असं कुणी म्हटलं की आम्ही आधी बाक विचारतो.

मग क्रमवारीसाठी कोणती ओळ धरायची? सगळ्यांची सरासरी असं काही जण म्हणतात. आमचं मत वेगळं: त्या कोस्टरची जी सर्वांत चांगली ओळ, तीच धरावी. पुढच्या ओळीसाठी जास्त वेळ थांबायची तयारी असेल तर ती कुणालाही मिळते. ते कोस्टरचंच अंग आहे. फ्लोअरलेस कोस्टरच्या पहिल्या ओळीत तर पायाखाली काही नाही आणि समोरही काही नाही, ती राईडच निराळी होते. म्हणून गर्दी परवडेल तेव्हा एक फेरी पुढे आणि एक मागे, दोन्हींची नोंद एकाच कार्डावर. एकदाच बसायला मिळालं असेल तर कार्डाच्या कोपऱ्यात 'एक' लिहायचं. हा एकचा आकडा पुढे बरोबरी सोडवताना कामाला येतो.

वेळेची नोंद का, तर सकाळची पहिली फेरी आणि संध्याकाळची फेरी यांत फरक असतो. दिवसभर फिरून चाकांच्या बेअरिंगमधलं ग्रीस गरम झालं की घर्षण कमी होतं आणि ट्रेन जास्त मोकळी धावते. थंडीतल्या सकाळी दहाला ज्या टेकडीवर काहीच जाणवत नाही तिथे संध्याकाळी पाचला चांगलं उचललं जातं. ओल्या रुळावरही ट्रेन सुसाट जाते, पण शंभराच्या वेगात पावसाचे थेंब तोंडावर टोचतात आणि डोळे मिटले जातात, म्हणून खोपोलीची पावसाळ्यातली फेरी आम्ही वेगळी लिहितो. इमॅजिकातल्याच डीप स्पेसला हे फारसं लागू नाही. तो बंदिस्त आणि अंधारातला, चढण न चढता चुंबकांच्या जोरावर सुटणारा कोस्टर; बाहेर ऊन असो वा पाऊस, आत जवळपास तेच.

घट्टपणाची नोंद एअरटाइमसाठी. टेकडीवर शरीराचं वजन शून्याच्या आसपास येतं तेव्हा तरंगल्यासारखं वाटतं, त्याला फ्लोटर म्हणतात. शून्याच्या बरंच खाली जाऊन मांड्या बारवर आपटतात ते इजेक्टर. ऑपरेटरने लॅप बार पोटापर्यंत दाबला असेल तर फ्लोटर जवळजवळ कळतच नाही, इजेक्टर मात्र कळतो. त्यामुळे बी-अँड-एमच्या, म्हणजे बोलिगर अँड माबियारच्या, मोठ्या टेकड्यांच्या कोस्टरवर घट्ट बारने अन्याय होतो आणि इंटामिन किंवा रॉकी माउंटन या कंपन्यांच्या कोस्टरवर तितका होत नाही. ऑपरेटरने बार जिथे लावला तिथेच राहू द्यायचा. श्वास रोखून, पोट फुगवून जागा करून घेणं हे क्रमवारीसाठी सुद्धा करायचं नाही. नोंद करायची आणि पुढच्या फेरीत पुन्हा बघायचं.

फोनमधल्या सेन्सरने जी-फोर्स मोजायची कल्पना नव्यांना हमखास सुचते. खिशातला फोन शरीराबरोबर हलतो, त्यामुळे आकडा सीटचा येत नाही, आणि सुटी वस्तू नेणं धोक्याचं असल्याने बहुतेक पार्कांत मनाईच असते. अमेरिकेतल्या सीडर पॉइंट पार्कच्या स्टील व्हेंजन्स या कोस्टरला तर फोन घेऊन रांगेत उभं राहायलाही बंदी घातली गेली. उंची, लांबी, वेग हे आकडे 1996 पासून चालू असलेल्या रोलर कोस्टर डेटाबेसमधून घ्यावेत. ते कार्डाच्या मागच्या बाजूला लिहावेत, पुढे नकोत. पुढे लिहिले की डोळा आधी त्यावर जातो आणि 62 मीटरवाला 40 मीटरवाल्याच्या वर आपोआप सरकतो.

घरी आल्यावर दोन आठवडे कार्डांना हात लावायचा नाही. नुकताच केलेला कोस्टर नेहमी वर जातो, हे इतकं नियमाने घडतं की यावर दुसरा उपाय आम्हाला माहीत नाही. दोन आठवड्यांनी जुनी कार्डं लादीवर उभ्या ओळीत मांडायची, आवडता वर. नवं कार्ड हातात घ्यायचं आणि थेट मधल्या कार्डाशी तुलना करायची: उद्या दोन्ही कोस्टर शेजारी-शेजारी असतील, दोन्हींना सारखीच रांग असेल आणि एकाच फेरीचा वेळ असेल तर कुठे जाल? उत्तर नवा असेल तर वरच्या अर्ध्यातलं मधलं कार्ड, जुना असेल तर खालच्या अर्ध्यातलं. अशा रीतीने यादी 15 ची असेल तर चार प्रश्नांत जागा सापडते, 31 ची असेल तर पाचांत. वरून एकेक करत आलात तर वीस प्रश्न होतात आणि दहाव्यापर्यंत डोकं थकून 'असू दे इथेच' होतं. अगदी ठरवता येत नसेल तर दोन कार्डं शेजारी ठेवायची. बरोबरी चालते.

यादी पाठवताना नावडते कोस्टर गाळू नका, ही कळकळीची विनंती. मान आपटणारा, खांद्याच्या हार्नेसवर कान घासणारा, लहान मुलांच्या बागेतला, सगळे लिहा. जोड्यांच्या मोजणीत तळाचा कोस्टर वरच्याइतकीच माहिती देतो. फक्त आवडत्या पाचांची यादी आली की त्यातून दहाच जोड्या मिळतात. वीस कोस्टरच्या पूर्ण यादीतून 190.

मोजणीचं उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत. खोपोलीचा नायट्रो तीन कोस्टरविरुद्ध आहे. पहिल्याशी तुलना करू शकणारे 15 जण: 11 नायट्रोच्या बाजूने, 4 विरुद्ध. दुसऱ्याशी 15: 9 बाजूने, 5 विरुद्ध, 1 बरोबरी. तिसऱ्याशी फक्त 5: 2 बाजूने, 3 विरुद्ध. एकूण तुलना 35, विजय 22, बरोबरीचा अर्धा, म्हणजे 22.5 भागिले 35. नायट्रोची टक्केवारी 64.3. असं प्रत्येक कोस्टरचं काढायचं आणि टक्केवारीने लावायचं. साध्या स्प्रेडशीटमध्ये आडवे-उभे कोस्टर लिहून हे एका संध्याकाळी होतं, मधे सेव-उसळ खायला वेळ धरून.

खरी काळजी त्या पाच जणांच्या जोडीची घ्यावी लागते. तिथे एकाने मत फिरवलं तर तिसरा कोस्टर नायट्रोला हरवण्याऐवजी हरतो. चारपेक्षा कमी लोकांनी दोन्ही केले असतील ती जोडी आम्ही मोजतच नाही, आणि ज्या कोस्टरच्या अशा मोजता येण्यासारख्या जोड्या तीनपेक्षा कमी आहेत तो मुख्य यादीत न घेता खाली वेगळा लिहितो. पोलंडच्या एनर्जीलँडियातला झाड्रा हे याचं ठळक उदाहरण. 2019 चा, 60 मीटरहून उंच, लाकडी सांगाड्यावर पोलादी रूळ, जगभरच्या याद्यांत वरच्या जागांवर असणारा. आमच्याकडे तो केलेले इतके थोडे की त्याला क्रमांक देणं प्रामाणिक होणार नाही.

कधीकधी चक्र तयार होतं. नऊ जणांपैकी तिघांचा क्रम क-ख-ग, तिघांचा ख-ग-क, तिघांचा ग-क-ख. क ने ख ला 6-3 हरवलं, ख ने ग ला 6-3, आणि ग ने क ला 6-3. कुणाचीच चूक नाही. फ्रान्सच्या गणितज्ञ काँदोर्सेने 1785 मध्येच मतदानातला हा पेच दाखवून दिला होता. कोस्टरमध्ये तो येतो कारण लोक वेगवेगळ्या गोष्टी शोधत असतात: एकाला उतार हवा, दुसऱ्याला कोलांट्या, तिसऱ्याला अंधारातला धक्का. टक्केवारीने यादी लावली की चक्र दडून जातं, म्हणून वरच्या दहांचे एकमेकांविरुद्धचे निकाल आम्ही वेगळे तपासतो. चक्र सापडलं तर सर्वांत कमी फरकाचा निकाल सोडून द्यायचा. फरक सारखेच असतील तर एकदाच बसलेल्यांची, म्हणजे कोपऱ्यात 'एक' लिहिलेली मतं बाजूला ठेवून पुन्हा मोजायचं. तरीही सुटलं नाही तर तिघांना एकच क्रमांक.

बुद्धिबळातल्या एलो पद्धतीबद्दल नेहमी विचारणा होते. ॲप्समध्ये दोन नावं दाखवून एक निवडायला सांगतात आणि गुण वर-खाली होतात. हजारो मतं येत असतील तिथे ती चालते. आमच्याएवढ्या गटात आधी कोणती जोडी विचारली यावरही निकाल हलतो.

लाकडी आणि पोलादी अशा दोन वेगळ्या याद्या मोठ्या मतदानांत असतात. आमची एकच आहे, कारण लाकडी कोस्टर केलेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. ते वाढले की वेगळी करू.

राहिला प्रश्न बदललेल्या आणि बंद झालेल्या कोस्टरचा. सिंगापूरच्या युनिव्हर्सलमधला बॅटलस्टार गॅलॅक्टिका 2015 ला चार सीटांऐवजी दोन सीटांचे डबे घेऊन परत सुरू झाला. रूळ तेच, म्हणून कोस्टर एकच धरतो, पण कार्डावर वर्ष लागतं. सीडर पॉइंटचा मीन स्ट्रीक 1991 चा लाकडी कोस्टर. 2016 ला बंद होऊन त्याच्याच लाकडावर 2018 मध्ये स्टील व्हेंजन्स उभा राहिला. रूळ नवा, आखणी नवी, चार वेळा उलटा होणारा. ही दोन कार्डं. न्यू जर्सीचा 139 मीटर उंच किंगडा का 2024 मध्ये बंद झाला आणि पुढच्या वर्षी पाडला. तिथे गेलेल्यांची मतं आहेत तशी ठेवली आहेत, पण त्याचं नाव आता मुख्य यादीत येत नाही. गोराईच्या एस्सेलवर्ल्डचा झिपर डिपरही त्याच बंद यादीत आहे. तो केलेली बरीच मंडळी बडोद्यात आहेत. त्यांनी तो कुणाच्या वर आणि कुणाच्या खाली, एवढं कळवलं तरी त्या यादीतला त्याचा क्रमांक पक्का करता येईल. ओळ आठवत असेल तर तीही लिहा.